गडगा उंच, पण बेडं उघडं

पत्र: गुहागर तालुक्यात आमचं चार खोल्यांचं न्याहारी-निवास आहे, जोडीला हापूसची थोडी कलमं. चार वर्षांपूर्वी भाच्याच्या मित्राने मुंबईहून वर्डप्रेसवर, म्हणजे साइट चालवायच्या तयार सॉफ्टवेअरवर, वेबसाइट करून दिली. मी तिच्यावर फोनवरून लिहीत असते. ओल्या काजूची उसळ, फणसाची साठं, आगोटची बेगमी अशा सत्तरेक नोंदी झाल्या आहेत. गणपतीनंतर पुण्याच्या पाहुण्यांचा फोन आला, की गूगलवरून तुमची साइट उघडली तर जुगाराचं पान येतं. मी उघडून पाहिली तर सगळं नीट. मग गूगलवर आमचं नाव शोधलं, तर खाली जपानी अक्षरं. साइट ज्यांच्या सर्व्हरवर आहे त्या होस्टिंगवाल्यांची नोटीसही आली. एक जण म्हणतो, प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, टाकून चार हजारांत साफ करतो. चिपळूणचा एक इंजिनीअर मुलगा म्हणतो, वर्डप्रेस सोडा, सत्तर हजारांत तुमच्यासाठी वेगळं सीएमएस, म्हणजे वर्डप्रेससारखं साइट चालवायचं सॉफ्टवेअर, लिहून देतो. साइट एरवीही फार हळू उघडते. बुकिंगच्या फॉर्मवर पाहुणे आधार कार्डाचा फोटो चढवतात, त्याचं काही होईल का? दिवाळीचं बुकिंग तोंडावर आलंय. आमच्यासारख्या लहान माणसांशी कोणाचं काय वैर?

ताई,

आधार कार्डाचा उल्लेख तुम्ही जाता जाता केला आहे, पण मी तिथूनच सुरुवात करतो. जुगाराच्या पानापेक्षा मला त्याचीच काळजी वाटली. वर्डप्रेसवर चढवलेली फाइल सहसा ‘अपलोड्स’ नावाच्या फोल्डरात जाऊन पडते. त्या फाइलचा पत्ता माहीत असला, की ती जगात कोणालाही उघडता येते, पासवर्ड लागत नाही. शिवाय तुमच्या साइटमध्ये आता कोणीतरी शिरलेलं आहे, त्याला तर फोल्डरची सगळी यादीच दिसते. म्हणून फॉर्मवरची ती जागा आजच काढा. चढलेले फोटो साइटवरून पुसा, फॉर्मने तुमच्या ईमेलवर पाठवलेल्या प्रतीही पुसा. ज्या पाहुण्यांचे फोटो होते त्यांना एक सरळ संदेश पाठवा: आमच्या साइटमध्ये शिरकाव झाला, तुमच्या आधारची प्रत तिथे होती, सावध राहा. लिहायला जड जाईल, पण ती माणसं तुमच्या घरी जेवून गेली आहेत, त्यांना हे तुमच्याकडूनच कळलं पाहिजे. पुढे ओळखपत्र ओटीवर आल्यावर बघा. आधी प्रत हवीच असेल, तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार मागा. लोकांची माहिती जो गोळा करतो, ती सांभाळण्याची जबाबदारीही त्याचीच, असं २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सांगतो. चार खोल्यांच्या घरानेही त्याच रीतीने वागलेलं बरं.

आता, तुम्हाला ते पान का दिसत नाही. घुसवलेला कोड आधी पाहतो की समोरचा माणूस कुठून आला. गूगलवरून आलाय का, फोनवर आहे का? असेल तर त्याला जुगाराकडे धाडतो. पत्ता स्वतः टाइप करून येणाऱ्याला किंवा लॉगिन केलेल्या मालकाला मात्र खरं पान दाखवतो, म्हणजे मालकाला महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. जपानी अक्षरं हीदेखील ओळखीची खूण आहे. तुमच्या नावाखाली हजारो खोटी पानं तयार करून गूगलला खाऊ घालतात, तुमच्या डोमेनची, म्हणजे साइटच्या पत्त्याची, पत वापरून नकली माल खपवायला. गूगलच्या शोधपेटीत ‘साइट’ हा शब्द इंग्रजीत लिहून त्यापुढे विसर्गासारखे दोन टिंब आणि जागा न सोडता तुमचा पत्ता टाका, किती पानं उगवली आहेत ते दिसेल. साइटच्या मालकांसाठी गूगलचं जे सर्च कन्सोल असतं त्यात जाऊन आणखी एक बघा: तुमच्याबरोबर कोणी अनोळखी ‘मालक’ म्हणून नोंदलेला आहे का. ही मंडळी तिथेही स्वतःचं नाव लावून ठेवतात.

वैर कोणाचंच नाही. तुमच्या साइटचं नावही त्यांना माहीत नसेल. रात्रंदिवस यंत्रं फिरत असतात, प्रत्येक साइटचं दार ढकलून बघतात, जे उघडतं तिथे शिरतात. हे किती वेगाने होतं त्याचं एक उदाहरण सांगतो. ड्रुपल हे वर्डप्रेससारखंच दुसरं सीएमएस. १५ ऑक्टोबर २०१४ ला त्यांनी एक मोठं भोक बुजवणारं अपडेट काढलं. दोन आठवड्यांनी त्यांच्याच सुरक्षा पथकाने जाहीर केलं, की घोषणेनंतर सात तासांच्या आत ज्यांनी अपडेट केलं नाही, त्यांनी आपली साइट फुटली असंच धरून चालावं. सात तास! आपल्याकडे तेवढ्यात मासे लिलावाला जाऊन परत बर्फात पडतात. तुमच्या साइटवर एकतीस प्लगिनं आहेत आणि फोटो सरकवत दाखवणाऱ्या स्लायडरचं प्लगिन तीन वर्षांत अपडेट झालेलं नाही, हे तुम्ही सोबत पाठवलेल्या चित्रांत दिसतं. थीमही, म्हणजे साइटच्या रूपाचा साचा, पैसे देऊन घ्यायची असते ती कुठूनतरी फुकट उतरवलेली वाटते. अशा चोरीच्या थीममध्ये पुष्कळदा मागचं दार आधीच करून ठेवलेलं असतं. गडगा, म्हणजे दगडी कुंपण, छातीइतका उंच घातला आणि बेडं, म्हणजे त्याचं फाटक, उघडं टाकलं, तर गुरं आत येणारच.

चार हजारांत साफ करून देणाऱ्याला नाही म्हणा. तो फसवतोय असं मी म्हणत नाही. वर्डफेन्ससारखं प्लगिन लावून त्याला काही घाण सापडेलही. पण कलमावर बांडगूळ आलं की आपण काय करतो? नुसती पानं तोडली तर ते पुन्हा फुटतं. ते जिथे रुजलंय त्याच्या खालून फांदी उतरवावी लागते. इथेही तसंच. शिरलेला माणूस एका जागी थांबत नाही. एखादी पीएचपी फाइल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड, फोटोंच्या फोल्डरात ठेवतो, एखादा अॅडमिन वापरकर्ता वाढवतो, ठरावीक वेळाने आपोआप चालणारं काम लावून ठेवतो. दहातली नऊ काढली तरी उरलेली एक पुरते.

मग मुळापासून करायचं म्हणजे चिपळूणच्या मुलाचं ऐकायचं का? यावर मी दोन दिवस विचार केला, कारण त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. जगातल्या दर पाच साइटींपैकी दोनांहून जास्त वर्डप्रेसवर चालतात, त्यामुळे हल्लेही तिच्यावर जास्त. वेगळं सीएमएस लिहिलं तर वर्डप्रेसच्या ठाऊक असलेल्या भोकांसाठी बनवलेली यंत्रं तिथे निष्फळ ठरतील. पण सीएमएस लिहायचं म्हणजे लॉगिन आलं, पासवर्ड साठवणं आलं, फाइल चढवणं आलं, फॉर्ममधून आलेलं प्रत्येक अक्षर डेटाबेसपर्यंत जाण्याआधी तपासणं आलं. चुका होतात त्या नेमक्या याच जागी, आणि यंत्रं त्याही शोधतच असतात. वर्डप्रेस २००३ पासून हजारो लोकांच्या नजरेखालून जातंय, तरी पासवर्ड साठवण्याची पद्धत त्यांनी २०२५ मध्ये बदलून आणखी मजबूत केली. एकट्या मुलाने लिहिलेल्या सीएमएसमधलं भोक कोण शोधणार? सापडलं तर रात्री अकरा वाजता बुजवणार कोण? दोन वर्षांनी त्याला बंगळुरात नोकरी लागेल, लागायलाच हवी, आणि तुमच्या हातात असं यंत्र राहील ज्याचा मिस्त्री पंचक्रोशीत नाही.

तुम्ही लिहीत नसता, तर मी तिसरी वाट सांगितली असती. खोल्या, दर, नकाशा, फोन एवढीच पाच-सहा पानं असलेल्या तुमच्या शेजाऱ्यांनी हुगोसारखं साधन वापरावं. त्यात पानं आधीच तयार करून नुसत्या फाइली म्हणून ठेवतात. सर्व्हरवर डेटाबेस नाही, लॉगिन नाही, चालणारा कोडच नाही, तर फोडणार काय? क्लाउडफ्लेअर पेजेससारख्या ठिकाणी अशी लहान साइट फुकटही राहते. पण तुमच्या त्या सत्तर नोंदी मी वाचल्या. साठं उन्हात घालताना पाटावर रसाचा थर किती जाड हवा, हे तुम्ही जसं लिहिलंय तसं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. तुम्हाला चुलीपुढून उठून फोनवर लिहिता आलं पाहिजे. त्यासाठी वर्डप्रेसच बरं. फक्त ते नव्याने, मोजकं आणि स्वच्छ उभं करायचं. हे काम त्या मुलालाच द्या. सत्तर हजारांचं नाही, आठवड्याभराचं आहे, आणि त्याला योग्य ते पैसे द्या.

त्याला द्यायची सूचना अशी. आधी साइट बंद करून तिच्या जागी एकच साधं पान लावायचं: निवासाचं नाव, फोन, ‘साइटचं काम चालू आहे, बुकिंग फोनवर’. सध्या आहे त्या सगळ्याची एक प्रत काढून बाजूला ठेवायची, बिघडलेली असली तरी. तुमच्या नोंदी डेटाबेसमध्ये आहेत, त्या तिथूनच परत मिळणार. नोंदी निर्यात करून प्रत्येकीत घुसवलेलं काही आहे का ते तपासायचं. सत्तरच आहेत, डोळ्यांखालून घालता येतात, आणि त्या तुम्हीच वाचा, कारण अनोळखी ओळ तुम्हाला आधी खटकेल. फोटोंच्या फोल्डरातून फक्त फोटो उचलायचे. मग रिकाम्या जागेवर वर्डप्रेस मूळ ठिकाणाहून नव्याने उतरवायचं, वर्डप्रेसबरोबर येणारी साधी थीम घ्यायची, जुनी थीम आणि प्लगिनं यातलं काहीही परत आणायचं नाही. होस्टिंगचा, डेटाबेसचा, वर्डप्रेसचा असे सगळे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदलायचे. जुना बॅकअप नुसता चढवून मोकळं होऊ नका. तो घाण शिरण्याआधीचा आहे हे कळणं कठीण, आणि असला तरी ज्या दारातून ते आले ते दार त्यात तसंच उघडं असतं. सगळं झालं की सर्च कन्सोलमधून गूगलला पुन्हा तपासायची विनंती करायची. जपानी पानं यादीतून जायला काही आठवडे लागतील, तेवढा धीर धरा.

प्लगिनं किती? माझं उत्तर पाच. तयार पान साठवून ठेवणारं कॅशचं एक, बॅकअपचं एक, दुहेरी लॉगिनचं एक, साध्या फॉर्मचं एक, आणि सुरक्षेचं एक. तुमच्या जुन्या साइटवर हवामान दाखवणारं, बर्फ पाडणारं, पाहुणे मोजणारं असं काय काय होतं. त्यातलं प्रत्येक म्हणजे कोणा अनोळखी माणसाचा कोड तुमच्या घरात, आणि प्रत्येक पानाबरोबर पाहुण्याच्या फोनवर उतरणारं जास्तीचं ओझं. साइट हळू आहे आणि साइट फुटली, ही तुमची दोन दुखणी नाहीत ताई, एकच आहे.

वेगाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे तुम्हाला स्वतः पुष्कळ करता येईल. कराडकडून येणारा पाहुणा कुंभार्ली घाटात रेंजची एक काडी धरून तुमचा नंबर शोधतोय असं डोळ्यांसमोर आणा. आता तुमच्या पहिल्या पानावर काय आहे? आठ फोटोंचा स्लायडर, प्रत्येक फोटो फोनमधून निघाला तसा, चार-पाच एमबीचा. एक व्हिडिओ. आणि फोन नंबर कुठे, तर एका फोटोवर रंगवलेला! तो फोटो उतरेपर्यंत नंबर नाही, आणि उतरला तरी बोट लावून फोन लागत नाही. स्लायडर काढा. एकच फोटो ठेवा, खळ्यातून दिसणाऱ्या माडांचा आहे तो. रुंदी बाराशे ते सोळाशे पिक्सेल, वेबपी स्वरूपात, दीड-दोनशे केबीपर्यंत आणा. फोनवर फरक दिसणार नाही. बाकीचे फोटो खाली सरकल्यावरच उतरू द्यात, वर्डप्रेस ती सोय स्वतःच करतं. पहिल्या फोटोला मात्र ती लावायची नाही, नाहीतर तोच उशिरा येतो. नंबर साध्या अक्षरांत, अगदी वर.

मराठी साइटींना एक जास्तीचं ओझं असतं, ते म्हणजे फाँटचं. देवनागरीत जोडाक्षरं असल्यामुळे फाँटची फाइल रोमनपेक्षा जड होते. तुमच्या साइटवर तीन फाँट, प्रत्येकाची चार-चार वजनं, म्हणजे अक्षराच्या जाडीचे प्रकार, उतरतात. मुक्ता किंवा नोटो सारखा एकच फाँट, साधा आणि ठळक, पुरे. किंवा फोनमधलाच फाँट वापरू द्या, म्हणजे काहीच उतरायला नको.

होस्टिंग मुंबईत सर्व्हर असलेलं घ्या. सर्व्हर अमेरिकेत असला तर एका फेरीलाच पाव सेकंदाच्या आसपास जातं, आणि पान दिसण्याआधी अशा अनेक फेऱ्या होतात. त्यात कॅश नसेल तर दर पाहुण्यामागे वर्डप्रेस पीएचपी चालवतं, डेटाबेसला विचारतं आणि तेच पान पुन्हा रांधतं. कॅश म्हणजे सकाळीच करून झाकून ठेवलेली घावनं, आला की वाढायचं. सगळं झालं की गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या वेग मोजणाऱ्या पानावर पत्ता टाकून मोबाइलचा निकाल बघा. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, ही गूगलचीच चांगल्या साइटची मर्यादा आहे.

सुरक्षिततेच्या ज्या तांत्रिक गोष्टी मुलाने करायच्या त्या थोड्या आहेत. अपलोड्सच्या फोल्डरात पीएचपी चालणार नाही अशी अट, वर्डप्रेसच्या आतून कोड बदलायची सोय बंद, पीएचपीची चालू आवृत्ती, आणि लेट्स एनक्रिप्टचं फुकट प्रमाणपत्र, जे आपोआप नवं होत राहील असं लावलेलं. वर्डप्रेस, थीम, प्लगिनं या सगळ्यांचं अपडेट आपोआप चालू ठेवायचं. आपोआप अपडेटमुळे क्वचित काहीतरी मोडतं हे खरं, पण मोडलेलं तुम्हाला दिसतं तरी. तुमच्यासाठी दोन खाती असू द्यात. रोजचं लिखाण ‘एडिटर’च्या खात्यातून करा, ‘अॅडमिन’चं खातं महिन्यातून एकदाच उघडा. दोन्हींना फोनवरच्या कोडचं दुहेरी कुलूप, आणि फोन समुद्रात पडला तर लागणारे राखीव कोड कागदावर लिहून कपाटात, जमिनीच्या सातबाऱ्याबरोबर.

बॅकअपबद्दल मी कळकळीने सांगतो. मी एका ग्रंथालयाची साइट सांभाळत होतो. दर रात्री बॅकअप होत होता, तसा संदेशही येत होता. गरज पडली तेव्हा कळलं, की सर्व्हरची जागा भरल्यामुळे पाच महिने नुसत्या रिकाम्या फाइली तयार होत होत्या. सूचीचं सहा महिन्यांचं काम गेलं. ते मी कधी उघडून पाहिलं नव्हतं, हे मला आजही लागतं. म्हणून बॅकअप सर्व्हरवर नको, दुसरीकडे जाऊ दे. अपड्राफ्टप्लससारखं प्लगिन तो थेट गूगल ड्राइव्हवर पाठवतं. एक प्रत महिन्याला पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह पुण्याला बहिणीकडे राहू दे. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी चढलं, तेव्हा ज्यांची प्रत संगणकाशेजारच्या खणात होती त्यांचं दोन्ही एकदमच गेलं. आणि वर्षातून एकदा, मिरगाआधी कौलं शाकारायच्या दिवसांत, ती प्रत दुसऱ्या जागी चढवून खरंच उभी राहते का ते मुलाकडून बघून घ्या.

दुसरी चावीही हवी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे दिवसचे दिवस वीज नव्हती, फोन नव्हते. साइट मुंबईच्या सर्व्हरवर चालू राहील, पण ‘रस्ता बंद आहे, येऊ नका’ हे पाहुण्यांना कळवणार कोण? बहिणीला एक एडिटरचं खातं देऊन ठेवा.

पैशांचं एक. जुगाराचं पान निदान दिसलं तरी. खरी भीती याची, की कोणी गुपचूप तुमच्या साइटवरचा फोन नंबर किंवा यूपीआयचा क्यूआर बदलून स्वतःचा लावेल. म्हणून क्यूआर साइटवर ठेवूच नका. बुकिंग पक्कं झालं की फोनवर बोलून मग पाठवा. आंब्याच्या पेट्यांनाही तेच: हंगामात दर लिहा, मागणी व्हॉट्सअॅपवर घ्या. त्यासाठी दुकानाचं प्लगिन चढवण्याइतक्या पेट्या तुमच्याकडे नाहीत, असं तुम्हीच लिहिलंय. कोणा पाहुण्याचे पैसे आधीच गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरवर लगेच फोन करायला सांगा, जितका लवकर तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा.

शेवटचं काम भाच्याच्या मित्राकडे आहे. डोमेन त्याच्या ईमेलवर नोंदलेलं असणार. रागावून फोन करू नका, त्याने तेव्हा आपुलकीनेच करून दिलं होतं आणि पुढे बघायचं कोणी हे कोणीच ठरवलं नव्हतं. त्याला म्हणा, डोमेन माझ्या नावाच्या खात्यात हलवून दे. हलवायला लागणारा कोड त्यालाच काढता येईल. खात्याला जीमेलसारखा वेगळा पत्ता द्या, साइटच्याच नावाचा नको, नाहीतर साइट पडली की चावीही तिच्याबरोबर आत अडकते. नावावर आलं की पाच वर्षांचं शुल्क एकदम भरा, आणि मुदत संपायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर दरवर्षी नव्याने लिहीत चला.